धाकूच्या होडीची भूमिका

मनोरीच्या धाकूची होडी जळून खाक झाली. पण ते राहू द्या. असं काही झालंच नाही असं धरून चालू या. धाकूही बरेच दिवस तसंच धरून चालला होता.

तर होडी शाबूत होती, पावसाळा सरून नुकतीच दर्यात उतरलेली, आणि अंधेरीच्या एका सिनेमा कंपनीनं ती आठवडाभरासाठी मागून घेतली. दर्यावरच्या लुटारूंच्या राणीचा पिक्चर होता. होडीला पुठ्ठ्याच्या भिंती लावल्या, की झालं गलबत.

धाकू रोज किनाऱ्यावर बसून बघायचा. राणीची तलवार लाकडाची. तिच्या लुटारूंच्या दाढ्या बकऱ्याच्या. वादळ म्हणजे दोन माणसं आणि बादल्या. राणी झालेली रत्नप्रभाबाई मात्र खरी धीट. दोरावरून अशी झेपावायची, की धाकूची बायको विमला म्हणाली, "अवो, हिला आपल्या होडीवर ठेवा, तुम्ही घरी बसा."

शेवटच्या दिवशी डायरेक्टर जयवंतसाहेब म्हणाले, "धाकू, आज होडीला आग दाखवायचीय."

"दाखवा की." इतकं सगळं दाखवलं होतं, त्यात आणखी एक.

गोष्टीत राणी लग्नापायी लूटमार सोडते, म्हणून रत्नप्रभाबाईनं गलबताला मशाल लावली. पुठ्ठा पेटला. मग डोलकाठी. धाकूला वास आला. सागाचा. त्याच्या सागाचा. बादली घेऊन तो धावला.

"ए, फ्रेममध्ये येऊ नको रे!" जयवंतसाहेब ओरडले.

कॅमेरा चालू असताना कुणी हलायचं नाही, हे तो आठवडाभरात शिकला होता. 'कट'ची वाट बघत उभा राहिला. कट झालं तेव्हा बादली भरलेली होती आणि होडी नव्हती.

"साहेब, तलवारसुद्धा खोटी होती ना!"

"तलवार चालते रे. आग खोटी असली की पब्लिकला कळतं."

भरपाई म्हणून दोन पास मिळाले. अंधेरीच्या थेटरात दोघं पहिल्या रांगेत बसली. राणी झकास होती. गोष्ट मधेच लंगडायची, हीरो आला की लढाई थांबवून गाणं व्हायचं, आणि एवढी दर्या गाजवलेली बाई शेवटी भात रांधायला जाते, हे विमलाला अजिबात पटलं नाही. आग लागली तशा शिट्ट्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बाकी सगळं बंडल, पण आग एकदम खरी वाटते यार!"

धाकू उठला, मॅनेजरच्या खोलीत गेला आणि टोपी काढून उभा राहिला.

"मेहेरबान साहेब, उद्यापासून शेवटचं रीळ उलटं फिरवावं, आणि होडी पूर्ववत झाल्यावर मूळ मालकाच्या ताब्यात द्यावी, ही नम्र विनंती."