उसनी एदुर्ने

एदुर्नेनं आपली खुर्ची ओढून बैठकीच्या गोलात आणली, तेव्हा यंत्रं नुकतीच बंद झाली होती. देबा नदीवरचं धुकं थेट दारापर्यंत आलं होतं. खिडकीतून पाहिलं तर वाटावं, कारखाना सकाळीच कधीतरी जमीन सोडून निघालाय.

सायकली बनवणाऱ्या या कारखान्यात साहेब नव्हता, कामगारच मालक होते. पलीकडच्या खोऱ्यात कुलपं बनवणाऱ्या एदुर्नेच्या कारखान्यातही नव्हता. तिकडची कामं आटली, तेव्हा कुणालाच घरी बसवायचं नाही, माणसं शेजारच्या कारखान्यांना उसनी द्यायची, असं सगळ्यांनी हात वर करून ठरवलं. एदुर्ने तशी इकडे आली, त्याला दोन वर्षं झाली. आता तिकडे काम वाढलं होतं आणि तिकडचा कोल्दो तिला न्यायला, म्हणजे विचारायला, आला होता.

"आमची काही जबरदस्ती नाही," कोल्दो म्हणाला. "यायचं की नाही, ते तिनं ठरवावं."

"आमचीही नाही," रंगकाम करणारी मिरेन म्हणाली. "तिची मर्जी."

"तिचीच," बाकीच्यांनी माना डोलावल्या.

सभ्यपणाचा नुसता कळस! गेले तीन आठवडे जिन्यात, जेवताना, बसथांब्यावर एदुर्ने हेच ऐकत होती. चालता चालता तिला भास व्हायचा, आपण दोन खोऱ्यांच्या मधे धुक्यात उभ्या आहोत आणि दोन्हीकडची माणसं अदबीनं लांब उभी आहेत. इतक्या मोकळीकीत ती अगदी पोरकी झाली होती. एकानं तरी आपल्याला मागावं, एवढंच तिला हवं होतं.

"मग?" कोल्दोनं विचारलं.

एदुर्ने उठून कॉफीच्या टेबलापाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली.

"जाऊ नकोस," पेयो म्हणाला.

सगळे चमकले. वेल्डिंग करणारा पेयो वर्षाकाठी चार वाक्यं बोलायचा.

"पेयो, दबाव नको रे तिच्यावर," मिरेन कुजबुजली.

"दबाव कसला? मला ती इथं हवीय. एवढंही बोलायचं नाही का?"

कोल्दोचे कान लाल झाले.

"असं असेल तर मीही बोलतो. एदुर्ने, तुझी जागा आम्ही कुणाला दिलेली नाही. तुझ्याशिवाय करमत नाही तिकडे. परत ये."

एदुर्ने वळली. मग डोळे पुसून खुर्चीत येऊन बसली.

"आता ठरवते," ती म्हणाली.