पडद्यावरचा गाल

त्या वर्षी वणीच्या यात्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये गेनूदादावर काढलेला सिनेमा आला. गेनूदादा खरोखरचा गुंड. चौऱ्याहत्तर साली त्यानं आमच्या गल्लीतल्या कोंडाजीला भर बाजारात भोसकलं होतं. पण मरता मरता कोंडाजीनं विळ्यानं त्याचा गाल कानापासून ओठापर्यंत फाडला. तो व्रण सगळ्या तालुक्यानं पाहिला होता.

कोंडाजीची बायको झुंबर बाजरीच्या सोंगणीवरून थेट माझ्याबरोबर आली, कमरेला विळा तसाच. आम्ही बायका पडद्यापुढेच मातीत बसलो.

पडद्यावरचा दादा गुळगुळीत गालाचा, देखणा. सिनेमातला कोंडाजी त्याच्या पाया पडून रडत होता. दादानं त्याची आतडी बाहेर काढली, तशा शिट्ट्या वाजल्या.

झुंबर उठली. "पाया नाय पडला माझा माणूस!"

"ए मावशी, खाली बस! दादाचं तोंड दिसंना!" मागून कोणीतरी ओरडलं.

"दावते की तोंड," ती म्हणाली. दादाचा चेहरा पडदाभर झाला होता. तिनं हात उंचावून विळा कानापाशी घातला आणि ओठापर्यंत ओढला. कापड टराटरा फाटलं.

तंबूवाल्यांनी तिला केसाला धरून ओढलं, लाथा घातल्या. तोंडातून रक्त येत होतं, तरी ती पडद्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी पडदा काळ्या दोऱ्यानं शिवून खेळ लावला. सुजलेल्या डोळ्यांनी झुंबर पुन्हा तिकीट काढून बसली. दादाचा चेहरा आला, गालावर आडवे टाके घेऊन. शिट्टी एकही वाजली नाही.

"आता हाय तो खरा," ती मला म्हणाली.