मुरानोच्या पेल्याची खोटी साक्ष

मी एक जुना काचेचा पेला आहे, मित्रांनो, म्हणजे होतो. आता माझा नुसता पाय उरला आहे. मुरानो बेटावर अंजोलो नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने मला फुंकून घडवलं. व्हेनिसचे जहाजमालक लुनार्दो यांच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. "विष पडलं की हा तडकणार म्हणजे तडकणारच," असं अंजोलोने छातीठोकपणे सांगितलं होतं. सारं शहरच तसं मानायचं. मलाही त्याचा भारी तोरा होता.

लुनार्दो रोज माझ्यातूनच पीत. त्यांची बायको ओर्सोला मला स्वतः धुवायची, मोलकरणीच्या हाती कधी द्यायची नाही.

घरात धाकटा भाऊ बास्तियान होता. घराण्याच्या मालमत्तेच्या वाटण्या होऊ नयेत म्हणून तिथे एकाच भावाचं लग्न करतात. बास्तियान तसाच राहिला, पण चेहऱ्यावर कधी आठी नाही. वहिनीला हसवायचा, दादाला जपायचा. मला त्याचा लळा होता, हे सांगताना आज लाज वाटते.

एका दुपारी त्याने मला उचललं आणि अंगठीतल्या हिऱ्याने तळाशी आतून बारीक रेघ मारली. शीळ घालत होता तो. मग स्वयंपाकघरात गेला. "वहिनी, दादाचा खोकला ऐकवत नाही हो. दालचिनी-लवंग घालून वाइन चांगली उकळून द्या ना!" दादापाशी येऊन कुजबुजला, "मी काही बोलत नाही बाबा. तू फक्त पेल्याकडे लक्ष ठेव."

ओर्सोलाने कढत वाइन ओतली आणि मी तडकन फुटलो.

लुनार्दो पांढरेफटक पडले. "अहो, काही घातलं नाही मी! हे बघा," म्हणत तिने सांडलेली वाइन बोटाने चाटली. बास्तियान हळहळला, "विषावरचा उतारा आधीच घेतला असेल, दादा." त्याच दिवशी, भर थंडीत, तिला नावेत बसवून दूरच्या बेटावरच्या मठात धाडलं. ती हाका मारत राहिली. लुनार्दोंनी खिडकी लावून घेतली.

थंडी सरल्यावर नवा पेला करायला त्यांनी अंजोलोला बोलावलं. त्याने माझ्या पायाला चिकटून राहिलेल्या तळावर आतून नख फिरवलं. "मालक, ही हिऱ्याची रेघ आहे! कढत पडल्यावर फुटणारच. आणि काचेला कुठलं विष कळतंय? माल खपावा म्हणून बोलतो आम्ही तसं."

लुनार्दो नावेत बसून तसेच मठाकडे धावले. मठातल्या बायकांनी त्यांना ताजी कबर दाखवली. ओर्सोला आठवड्यापूर्वीच तापाने गेली होती.

परत येऊन त्यांनी भावाला एवढंच विचारलं, "का रे?"

"मी लक्ष ठेव म्हणालो," बास्तियान म्हणाला. "वहिनीला हाकल म्हणालो होतो का?"

शिपाई त्याला घेऊन गेले. लुनार्दो मात्र अजून मला हातात धरून बसतात.

मित्रांनो, काच जपा असं मी सांगणार नाही. काच पुन्हा फुंकता येते. पण घरच्या माणसावर कुणी बोट दाखवलं, तर माझ्यासारख्या मुक्या वस्तूची साक्ष काढू नका. त्या माणसाला जवळ बसवा, त्याचं पुरतं ऐकून घ्या. ओर्सोला खरं तेच सांगत होती, आणि ते ऐकणारा त्या घरात मी एकटाच होतो.