यंत्राचं सोनं

“तो दिवा बाहेर ने!” नीळकंठ असा ओरडला की बायकोच्या, इंदूच्या हातातलं आरतीचं ताट हिंदकळलं.

“काहून वरडून राह्यले? दसरा हाये. जिनिंगात तुमच्या मशीनची पूजा मीच करत होती ना?”

करत होती, खरंच. पण कापसाचे दिवस फिरले, मुकुटबनच्या जिनिंगला, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला, कुलूप लागलं आणि फिटर नीळकंठ घरी बसला. घरी बसलेल्या माणसाला सकाळचा चहासुद्धा जड होतो. मग इंजिनियर सुमेधा मॅडमनी जिनिंगमागच्या शेडमध्ये हायड्रोजनचं यंत्र मांडलं आणि त्याला बोलावून घेतलं. उन्हाच्या विजेनं पाण्यातून वायू काढायचा, टाकीत साठवायचा आणि लोडशेडिंगमध्ये त्याचीच वीज करून दवाखान्यातले दिवे आणि लसींचा फ्रिज चालू ठेवायचा. नीळकंठ पुन्हा माणसांत आला होता.

आणि आज भोंगा वाजत होता. कुठूनतरी वायू झिरपत होता. इंदू दिवा घेऊन लांब निंबाखाली गेली, सुमेधानं भिंतीबाहेरचा मेन स्विच पाडला. नीळकंठनं वर पाहिलं. छताचे झरोके बंद होते.

जित्याची खोड! जिनिंगात वारा सुटला की कापूस उडू नये म्हणून तो झरोके लावून घ्यायचा. काल वारा सुटला आणि हात आपोआप दोरीकडे गेला. हा वायू तर हवेहून कितीतरी हलका, वाट मिळाली नाही की छताखालीच साठणारा आणि एका ठिणगीनं भडकणारा. गप्प बसला असता, तर वाऱ्यावर खापर फोडता आलं असतं.

“मॅडम, झरोके म्याच लावले,” बाहेरून दोरी ओढत तो म्हणाला. “मले कामावरून कमी करा.”

झरोके उघडले, वायू वर निघून गेला आणि भोंगा थांबला.

“माणूस कशाला कमी करू?” सुमेधा म्हणाली. “झरोक्यांची दारंच काढून टाका, नीळकंठभाऊ. पुन्हा कोणाला लावताच यायला नकोत. आणि चला, नळीचा कोणता जोड ढिला झालाय ते बघू.”

जोड आवळला, दारं उतरली. संध्याकाळी गावाची वीज गेली, पण दवाखान्याच्या खिडकीत उजेड राहिला.

फुगलेली इंदू शेडच्या दाराशी आली. हातात आपट्याची पानं होती.

“हे तं चालते ना? याले तं आग नाही?”

तिनं एक पान यंत्रावर ठेवलं आणि दुसरं नवऱ्यापुढे धरलं.

“सोनं घ्या.”

त्यानं आधी ग्रीसचे हात पँटला पुसले, मग घेतलं.