लूम थांबले तरी भाविक उठला नाही

ऐक ना मेघाली, मध्ये बोलू नको, फक्त ऐक. आमच्या दादाचा भाविक आहे ना, अजून वर्षाचा पण झाला नाही, त्याला जुलाब लागले. नुसतं पाणी. वर दूध प्यायला की ओकायचा, अंग पण तापलेलं. आक्का म्हणाली, "दात येतायत. सगल्या पोरांना व्हतं." आक्का म्हणजे माझी मोठी आत्या, आमच्याकडेच राहते. कामतघरला आमच्या चाळीत कोणाचं पण बाळ होऊ दे, न्हाऊ घालायला तीच. तिच्यापुढे कोण बोलणार?

वैशाली वहिनीने सुट्टी मागितली होती, पण गोडाऊनमध्ये माल उतरायचा होता, नाही मिळाली. निघताना मला म्हणाली, "लक्ष ठेव गं. आणि आक्कांना विचारल्याशिवाय काही करू नको."

आक्काने पाणी बंद केलं. "वरनं वतायचं न खालनं भायेर, मंग द्याचं कशाला?" मला पण पटलं यार.

सकाळभर किरकिर करून दुपारी भाविक झोपला. आम्ही म्हटलं, चला, सुटला बिचारा. आता तुला माहितीय, आमच्या भिंतीला लागूनच कापडाच्या लूमचा कारखाना. पाहुणे आले की कानात बोटं घालून बसतात, पण आमची पोरं त्या खडखडाटातच झोपतात. लूम बंद झाले की उठून रडतात. अंगाई वगैरे काही नाही, लूम हीच अंगाई.

आणि लाईट गेली. लूम बंद. सगळं एकदम गप्प. शेजारच्या रूपाची पोरगी भोकाड पसरून उठली, पलीकडचा पण उठला. मी भाविककडे बघत बसले, आता उठेल, आता उठेल. हललाच नाही.

मी म्हटलं, "आक्का, हा उठत का नाही?"

"थकलाय. झोपलेल्या पोराला हात लावू नको."

तरी मी उचलला. मान अशी खांद्यावर पडली. हलवल्यावर डोळे उघडले, पण खोल गेलेले. ओठ सुकलेले. रडला, म्हणजे तोंड रडायचं झालं, आवाज बारीक, आणि मेघाली, पाणीच नाही डोळ्यात. लंगोट बघितला तर सुका. मी त्याला गुंडाळलं आणि चप्पल घातली.

"कुठं?"

"डॉक्टरकडे."

"त्याच्या आईला इचारल्याबिगर पोर न्हाय जायचं भायेर."

वहिनीला फोन लावला. उचलणार कशी? गोडाऊनमध्ये फोन गेटवरच जमा करून घेतात. वाजत राहिला. आक्का दारात उभी. मी म्हटलं, "आक्का, तू पण चल, रिक्षात मला शिव्या दे."

आणि ती खरंच आली. नारपोलीच्या दवाखान्यापर्यंत शिव्या देत होती. "दोन बुकं शिकली न डाक्टरीण झाली." रिक्षावाला आरशातून हसत होता, मग त्याने भाविकला बघितलं आणि म्हणाला, "दीदी, पकड़ के बैठो," आणि सिग्नलबिग्नल काही नाही.

पोरांच्या डॉक्टर होत्या, मॅडम. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. चटकन बसली नाही, हळूहळू बसली. विचारलं, "शेवटची शू कधी केली?" मी आक्काकडे बघितलं. मागून आक्का हळूच म्हणाली, "सकालधरनं न्हाय."

"दातांनी असं होत नाही, आजी. पोटात इन्फेक्शन आहे. जुलाबातून पाणी जात असतं, म्हणून तर चमच्याने थोडं थोडं ओआरएस देत राहायचं, दूध चालू ठेवायचं. पोरगं असं मलूल झालं, शू बंद झाली, की घरी थांबायचं नाही."

सलाईन लावलं. संध्याकाळी भाविकने शू केली, मॅडमच्या टेबलावरच, आणि मग असा रडला, गाल भिजले नुसते. आक्काने पदराने पुसले.

दवाखान्यातून मी दादाला फोन केला, तो वहिनीला गेटवरून घेऊन आला. ती आधी भाविकच्या हातातल्या सुईकडे बघत राहिली, मग मला म्हणाली, "गेटवर यायचं ना आधी. मी आई आहे त्याची. मी आले असते."

आता भाविक घरी आहे, चमच्याने पितोय, चमचाच ओढून घेतो. पण वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. गोडाऊन त्या टोकाला, दवाखाना ह्या टोकाला, आणि तो असा खांद्यावर पडलेला. तू सांग, आधी कुठे गेली असतीस?