नवसाचं तेल

पाइनच्या रानात न्यायच्या मधमाश्यांच्या पेट्या ट्रेलरवर चढवून झाल्यावर आर्गिरीने त्यातल्या दोन उतरवून अंगणातच ठेवल्या, तेव्हा एव्हान्थियाला वाटलं, जावई उगाच भितो.

"गाडीला झेपेल तेवढंच ओढायचं, आई," तो पट्टे आवळत म्हणाला. "आणि भार ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे. मागे गेला की ट्रेलर गाडीलाच नाचवतो."

"दोन पेट्यांनी काय होणार आहे?"

"तुम्ही पुढे बसणार ना, म्हणून उतरवल्या."

तो हसत आत गेला. एव्हान्थियाने तेलाचे तीन डबे उचलून ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला ताडपत्रीखाली सरकवले. लेकीची सुखरूप सुटका व्हावी म्हणून वाटेतल्या मठात मरियामातेच्या दिव्याला वाहायचं हे तेल. ऑगस्टच्या उपासात तिने स्वतः तेलाचा थेंब जिभेला लावला नव्हता. आणि नवस फिटेपर्यंत तो बोलून दाखवायचा नाही, ही तिच्या आईची शिकवण.

पाइनच्या रानाकडे उतरताना ट्रेलर डुलू लागला. आर्गिरीने ब्रेक न दाबता वेग हळूहळू सोडला, स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. तरी ट्रेलर दरडीला घासत गेला, पट्टा तुटला आणि मागच्या पेट्या रस्त्यावर फुटल्या. गाडी थांबली. माश्यांचं मोहोळ काचांवर येऊन आदळलं. बाहेर पडायची सोय नव्हती. दोघं बंद काचांआड घामाघूम बसून राहिली.

"माझाच हिशोब चुकला," आर्गिरी म्हणाला. "परतलो की पेट्या विकतो. मूल येतंय घरात. ज्याला वजन कळत नाही त्याने हा धंदा करू नये."

एव्हान्थियाच्या बाजूने, दाराखालून, तेलाची पिवळी धार उताराने पुढे सरकत होती. त्याला ती दिसत नव्हती. माश्या शांत होईपर्यंत दिसणारही नव्हती. तिने क्रूसाची खूण करायला हात उचलला, पण तो तसाच मांडीवर ठेवला.

"तुझा हिशोब बरोबर होता रे. इकडे वाकून बघ."

त्याने वाकून पाहिलं.

"किती?"

"तीन डबे. अगदी मागे ठेवले."

"सांगितलं असतंत, तर पुढे ठेवले असते. आणखी एक पेटी उतरवली असती."

"नवस होता. सांगायचा नसतो."

"नवस नका सांगू," तो हळूच म्हणाला. "वजन तरी सांगायचंत."

तिला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं वाटलं असतं.

माश्या बसल्यावर त्याने उरलेल्या पेट्या पुढे ओढून पुन्हा बांधल्या. एक डबा शाबूत सापडला. तो त्याने आणून तिच्या मांडीवर ठेवला.

"जड आहे रे."

"माहीत आहे."

"पेट्या विकणार?"

"नाही. पण मी चढवताना तुम्ही घरात बसायचं."

गाडी सुरू झाली. मठ अजून लांब होता. तिने डबा दोन्ही हातांनी कवटाळला, आणि वाटभर मरियामातेपाशी काही मागितलं नाही.