काकांच्या नावाची फरशी

मित्रांनो, मी पाण्याची एक जुनी टाकी आहे. शिवणकामाच्या कारखान्यात, इस्त्रीच्या खोलीबाहेर, भिंतीला टेकून उभी आहे. माझी हकीकत ऐकताना तुम्हाला शिसारी आली तर येऊ द्या. मला ती महिनोन्महिने येत होती आणि मुरडायला नाकही नव्हतं.

एका गवंड्याने मला विटा-सिमेंटने बांधलं. आतून पांढऱ्या फरश्या, पुढे तीन नळ आणि वर, माणूस आत उतरेल एवढं लोखंडी झाकण. फरश्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवत तो म्हणाला, "बाई, दिसायला झकास झालीस. पण घाण धरशील ती इथंच." खरंच होतं त्याचं. साठलेल्या पाण्यात आधी नुसता बुळबुळीतपणा येतो. तो डोळ्याला दिसत नाही, बोटालाच कळतो. रंग फार उशिरा चढतो.

ते बोट काकांचं असे. काका कारखान्यात झाडलोट करायचे. दर आठवड्याला मला रिकामी करायचे, साबणाने पाय धुऊन आत उतरायचे आणि फरशी तळव्याखाली करकर वाजेपर्यंत घासायचे. कधी जमलं नाही, तर तिन्ही नळांना फडकी बांधून शिलाईवाल्या बायकांना स्वतःच सांगायचे, "आज टाकी धुतली नाही गं. माझं राहिलं. घरून आणलेलं पाणी प्या."

एकदा माझ्यात पाल पडून मेली. फुगलेलं पोट वर करून तरंगत होती.

"काढून टाका आणि गप्प बसा," मॅनेजरसाहेब म्हणाले. "कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना, साहेब," काका म्हणाले आणि त्यांनी सगळं पाणी सोडून दिलं.

दुपारभर कारखाना तहानलेला राहिला. साहेबांनी चारचौघांत काकांना झापझाप झापलं. काका खाली मान घालून ऐकत होते, हात मात्र घासतच होते.

मग एके दिवशी काकांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. साहेबांनी शोकसभा घेतली. "काका म्हणजे आपल्या घरातलं माणूस," असं म्हणून कोरड्या डोळ्यांना रुमाल लावला. मला बाहेरून निळा रंग दिला. काकांच्या नावाची संगमरवरी फरशी करून आणली. ती बसवायला सपाट जागा एकच सापडली, माझं झाकण. सिमेंट थापून ती झाकणावर आणि कडेवर अशी पक्की केली, की झाकण उघडायची सोयच उरली नाही. हार घातले, फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. टाकी आता धुणार कोण आणि कुठून, हे एकानेही विचारलं नाही.

पाइपातून पाणी येत राहिलं, नळातून जात राहिलं. तळ तसाच राहिला. फरश्यांवर शेंबडासारखा करडा थर साचला. जास्तीचं पाणी जायच्या नळीतून झुरळं आली, मेली, कुजली. पाणी उतरलं की तळाचा गाळ नळाला लागायचा आणि पेल्यात तार सुटायची. बायका ते पाणी ओढणीतून गाळून प्यायच्या, आणि जाताना वरच्या फरशीला हात जोडायच्या. पोटातल्या झुरळांपेक्षा मला त्या नमस्काराची जास्त किळस यायची.

काज-बटणं करणाऱ्या ताईची धाकटी जाऊ तिच्याच शेजारी मशिनवर बसायची. जुलाबांनी तिची पार दशा झाली, डोळे खोल गेले. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "पाणी कुठलं पिता?" दुसऱ्या दिवशी ताई छिन्नी-हातोडी घेऊन आली.

"अगं, काकांचं नाव आहे त्यावर! पाप लागेल," कापड बेतणारी मावशी किंचाळली.

"लागू दे. पोरीचे जुलाब तरी थांबतील."

पहिला घाव बसताच साहेब धावत आले. "काकांच्या आठवणीवर हातोडा? लाज नाही वाटत?"

ताईने दुसरा घाव घातला. संगमरवर दुभंगला, झाकण उचकटलं आणि असा भपकारा सुटला, की इस्त्रीवाला बाहेर जाऊन ओकला. ताईने कोपरापर्यंत हात घालून भिंतीला चिकटलेला गाळाचा लगदा ओरबाडला आणि साहेबांसमोर धरला. त्यात अळ्या वळवळत होत्या.

"ही बघा आठवण. आपण सगळ्यांनी मिळून ठेवलीय."

साहेब तोंड दाबून मागे सरकले. मावशीने मात्र पदर खोचला आणि बादली उचलली. ताई पाय धुऊन आत उतरली.

जाऊ बरी होऊन कामावर आली तेव्हा बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. पाळीवालीला नावही पडलंय. सकाळी विचारतात, "आज काका कोण?" परवा एक बाई माझ्यातून डोकं वर काढून ओरडली, "आज काका मी! थांबा गं, अजून कोपरे राहिलेत." ती नवीन लागलेली आहे. काकांना तिने कधी पाहिलेलं नाही.

मित्रांनो, कुणा भल्या माणसाच्या आठवणीत काही करावंसं वाटलं, तर दगड आणि हार राहू द्या. तो रोज जिथं हात घालायचा, तिथं एकदा हात घालून बघा. घाण लागेल. लागली, की धुवायला घ्या.